लग्न लावून दिलं की 'ताळ्यावर' येतात?

मुलानं घरी सांगितलं, "मी गे आहे", की नातेवाइकांचा पहिला सल्ला ठरलेला: लग्न उरकून टाका, आपोआप ताळ्यावर येईल. मुलगी लेस्बियन असली तरी हेच. हा समज साफ खोटा आहे. लग्नानं लैंगिक कल बदलत नाही. फक्त काहीच ठाऊक नसलेल्या आणखी एका माणसाचं आयुष्य पणाला लागतं.

समलैंगिकता आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० साली ती आजारांच्या यादीतून काढली. 'बदलून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरकडेही जाऊ नका. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असे 'उपचार' व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत.

मग करायचं काय? त्या क्षणी फार थोडं. "सांगितलंस ते बरं केलंस" एवढं म्हणा आणि ऐका. रडू आलं तर येऊ द्या, पण "आमचं काय चुकलं?" हे त्याच्यासमोर नको, त्याला तो आरोपच वाटतो. आणखी कुणाला सांगायचं, हे त्यालाच ठरवू द्या. इथंच बहुतेक घरं चुकतात: आई विश्वासानं मावशीला सांगते आणि रात्रीपर्यंत काकांचा फोन येतो. मन मोकळं करायचंच असेल, तर 'स्वीकार - द रेनबो पेरेंट्स' हा मुंबईतला पालकांचाच गट आहे. तिथले आईबाप यातून गेलेले आहेत. आणि स्थळ घेऊन येणाऱ्यांना नकार मुलाला द्यायला लावू नका, तुम्हीच द्या.