भिंतीआडची हिरवळ: नागपुरातील वृक्षतोडीच्या वादांची पार्श्वभूमी

देशातील हिरव्या शहरांत नागपूरचे नाव वरच्या क्रमांकावर घेतले जाते आणि या लौकिकाला आधार म्हणून महापालिकेच्या २०११ च्या वृक्षगणनेचा आकडा पुढे केला जातो. त्या गणनेत शहरात सुमारे २१ लाख ४३ हजार झाडे नोंदली गेली. त्याच वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या घरात होती. माणशी एक झाड जवळपास पुरते असा हिशेब भाषणांत सोयीचा ठरतो. परंतु ही झाडे कोणाच्या जमिनीवर उभी आहेत, हे त्यातून समजत नाही. सेमिनरी हिल्स, तेलंगखेडी, महाराजबाग, अजनीची रेल्वे वसाहत, मध्यवर्ती कारागृह, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था, वायुसेनानगर, अंबाझरीचा आयुध निर्माणी परिसर अशी नावे घेत गेले, की शहराची दाट सावली बहुतांशी सरकारी व निमसरकारी संस्थांच्या कुंपणांआड असल्याचे दिसते. गेल्या काही वर्षांतील मोठ्या वृक्षतोडीचे वाद याच कुंपणांभोवती का पेटले, हे त्यामागील इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी बारा वाड्या एकत्र करून वसवलेले हे गाव पुढे भोसल्यांची राजधानी झाले. भोसल्यांच्या काळात शहराभोवती तलाव आणि बागा होत्या. तुळशीबाग, महाराजबाग, तेलंगखेडी ही नावे त्या काळाची आठवण आहेत. तिसऱ्या रघूजींच्या निधनानंतर संस्थान खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर त्याची राजधानी ठरले आणि शहराचे दोन भाग पडले. सीताबर्डीच्या पूर्वेला महाल-इतवारीचे दाट गावठाण तसेच राहिले, तर पश्चिमेला व वायव्येला सिव्हिल लाइन्सचे प्रशस्त बंगले, कचेऱ्या आणि कवायतीची मैदाने आली. १८६७ मध्ये रेल्वे आल्यावर तिच्या वसाहती वाढल्या आणि १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कृषी महाविद्यालयाकडे शहराच्या मध्यभागी विस्तीर्ण शेती व बाग आली. एका झाडाखाली एक माणूस राहतो, असे पश्चिम नागपुरात आणि एका खोलीत सहा माणसे राहतात, असे पूर्व नागपुरात म्हणता यावे, ही विषमता तेव्हापासूनची आहे. ‘हिरवे नागपूर’ म्हणताना कळमना, पारडी वा नंदनवनचा रहिवासी कोणाच्या डोळ्यांसमोर नसतो.

नगरपालिका १८६४ मध्ये आणि महानगरपालिका १९५१ मध्ये अस्तित्वात आली. मात्र त्यामधल्या काळात, १९३६ च्या कायद्याने, नागपूर सुधार प्रन्यास नावाची दुसरी यंत्रणा उभी राहिली. जमीन संपादन करायची, अभिन्यास (लेआउट) पाडायचे, भूखंड विकायचे आणि त्या पैशातून पुढची योजना आखायची, ही प्रन्यासाची पद्धत होती. पश्चिमेकडील रुंद रस्त्यांच्या आखीव वस्त्यांचे श्रेय तिला द्यावेच लागते. परंतु लोकांनी निवडून दिलेली संस्था एक आणि जमिनीचा कारभार पाहणारी, शासनाने नेमलेल्या सभापतीची संस्था दुसरी, असा दुहेरी संसार शहराने अनेक दशके केला. १९५६ नंतर राजधानीचा मान गेला, तरी वस्ती वाढतच राहिली आणि प्रन्यासाच्या योजनांचा वेग तिला पुरला नाही. शेतकऱ्याकडून एक-दोन एकर घ्यायचे, चुन्याच्या रेघा मारायच्या आणि करारनाम्यावर भूखंड विकायचे, हा धंदा दक्षिण व पूर्व भागांत फोफावला. अशा अनधिकृत लहान भूखंडांसाठीच्या २००१ च्या गुंठेवारी कायद्यानंतर हे अभिन्यास नियमित करण्याची प्रक्रिया सुरू झाली, तेव्हा त्यांच्या संख्येवरून पडलेले ‘५७२ लेआउट’ आणि ‘१९०० लेआउट’ हे शब्द नागपूरच्या राजकारणात कायमचे रुजले. या वस्त्यांत विकासशुल्क, गडरलाइन म्हणजे सांडपाण्याची वाहिनी आणि आर.एल. म्हणजे नियमितीकरणाचे पत्र यांवर निवडणुका लढवल्या गेल्या. झाड हा तेथे प्रश्नच नव्हता, कारण झाडासाठी जागाच सोडलेली नव्हती. उद्यानासाठी राखलेला तुकडा कागदावर दिसे आणि जागेवर त्यावर घरे असत. विकास आराखड्यातील आरक्षणांचीही कथा फारशी वेगळी नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊन ती मोकळी करून घेऊ शकतो आणि पालिकेच्या तिजोरीत संपादनाला पैसा नसला, की बागेचे आरक्षण आपोआप सुटते.

झाडांसाठी वेगळा कायदा राज्यात १९७५ मध्ये आला. नागरी क्षेत्रातील झाड तोडण्याआधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, वृत्तपत्रात जाहीर सूचना, झाडावर चिकटवलेली नोटीस आणि नागरिकांच्या हरकती ही त्याची चौकट होय. प्राधिकरणाचे अध्यक्षपद आयुक्तांकडे आणि सदस्यत्व नगरसेवकांकडे, शिवाय स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी, अशी ही रचना आहे. कागदावर ती वाईट नाही. अडचण अशी, की झाडे तोडू इच्छिणारा मोठा अर्जदार पुष्कळदा सरकारी यंत्रणाच असतो, कधी तर पालिकेचाच रस्ते विभाग. २०१७ च्या दुरुस्तीने २५ पर्यंत झाडांचा निर्णय आयुक्तांच्या पातळीवर घेण्याची मुभा दिली. २०२१ च्या दुरुस्तीने उलट दिशेने पाऊल टाकले: ५० वर्षांवरील झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली आणि २०० किंवा त्याहून अधिक झाडांचे प्रस्ताव राज्य पातळीवरील प्राधिकरणाकडे गेले. वडाच्या वयाइतकी रोपे नागपुरात नेमकी कोठे लावायची, याचे उत्तर मात्र कायद्यात असण्याचे कारण नव्हते.

शहराचे राजकारण या काळात वर सरकत गेले होते. १९९७ मध्ये महापौर झालेले देवेंद्र फडणवीस २०१४ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी नितीन गडकरी नागपूरचे खासदार व केंद्रात रस्ते वाहतूक मंत्री झाले. मेट्रो, सिमेंट रस्ते, उड्डाणपूल यांचा निधी आणि निर्णय मुंबई-दिल्लीतून येऊ लागले. २०१७ च्या निवडणुकीत भाजपने १५१ पैकी १०८ जागा जिंकल्या. त्या निवडणुकीत चार सदस्यांचे प्रभाग होते, त्यामुळे आपल्या गल्लीतील कडुनिंबाबद्दल चौघांपैकी कोणाला जाब विचारायचा, हे मतदाराला उमगत नसे आणि चौघांनाही ते सोयीचे होते. सिमेंट रस्ते करताना झाडांचे बुंधे काँक्रीटने आवळले गेले. बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी ठेवण्याचे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे निर्देश असतानाही ते मोकळे करून घेण्यासाठी नागरिकांना अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या.

पहिली मोठी ठिणगी भरतवनात पडली. अमरावती मार्गालगत, भरतनगर-तेलंगखेडीच्या बाजूला कृषी विद्यापीठाच्या ताब्यातील जुन्या झाडीतून रस्ता काढण्याचा प्रस्ताव २०१८ च्या सुमारास पुढे आला आणि रोज सकाळी तेथे फिरायला जाणारे लोक आंदोलक झाले. ही चळवळ मध्यमवर्गीय, पश्चिम नागपूरची होती आणि सत्ताधारी पक्षाचा मतदारही तोच होता, ही बाब तिच्या परिणामकारकतेचा विचार करताना विसरता येत नाही.

अजनीचा वाद त्याहून पुष्कळ मोठा ठरला. रेल्वे, मेट्रो आणि बस एकत्र आणणारे ‘इंटर मॉडेल स्टेशन’ अजनीच्या रेल्वे वसाहतीच्या जमिनीवर बांधण्याची राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची योजना होती. ब्रिटिशकालीन क्वार्टर्सभोवतीची हजारो झाडे त्यात जाणार हे कळल्यावर लोकांनी त्या परिसराला ‘अजनी वन’ असे नाव दिले. महसुली नोंदीत ते वन नव्हते, पण हे नाव देण्यातच आंदोलनाची निम्मी ताकद होती. पालिकेकडे हरकतींचा ढीग पडला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका गेल्या. राज्यात महाविकास आघाडीचे आणि केंद्रात भाजपचे सरकार असल्याने या वादाला पक्षीय धारही होती. तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी झाडांच्या बाजूने भूमिका घेतली. प्रकल्प मूळ आकारात पुढे गेला नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते अजनी स्थानकाच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली, ती सुमारे ३६० कोटींच्या वेगळ्या, आटोपशीर कामाची होती. या वादात महापालिकेचे सभागृह केंद्रस्थानी कोठेच नव्हते, याची नोंद घ्यायला हवी. जमीन रेल्वेची, प्रकल्प केंद्राचा, विरोध राज्याच्या मंत्र्याचा आणि निर्णायक व्यासपीठ न्यायालयाचे.

मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षे आयुक्तच प्रशासक राहिले. वृक्ष प्राधिकरणाचा अध्यक्ष, स्थायी समिती, आमसभा आणि रस्त्याचे काम काढणाऱ्या विभागाचा प्रमुख या सर्व भूमिका एकाच खुर्चीत एकवटल्या. हरकतींची सुनावणी होत असे, पण लोकांच्या वतीने बोलणारा नगरसेवक त्या दालनात नसे. याच काळात, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीने अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, शंकरनगर या सुखवस्तू भागांतल्या घरांत प्रवेश केला. सांडव्यासमोरील विवेकानंद स्मारक, नदीपात्रातील बांधकामे आणि झाकलेले नाले यांची चर्चा पुन्हा न्यायालयातच झाली. जमीन पाणी मुरवून घेत नाही, हे पूर्व भागातील लोक दर पावसाळ्यात सांगत होते. पश्चिमेला ते एका रात्रीत पटले.

मोठ्या प्रकल्पांविरुद्ध लोक उभे राहतात. लहान तोड मात्र निमूटपणे चालते. रामदासपेठ, धरमपेठ, सिव्हिल लाइन्समधील नझूलच्या म्हणजे सरकारी जमिनीच्या भाडेपट्ट्यांवरील जुने बंगले पाडून तेथे उंच इमारती येत आहेत आणि डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीने वाढीव बांधकामाला वाव दिला आहे. एका आवारातील चिंच, दोन आंबे, एक कडुनिंब एवढ्या चार-पाच झाडांसाठी मोर्चा निघत नाही आणि २०० झाडांची मर्यादाही कधी गाठली जात नाही.

जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने सभागृह परत आले आणि सत्ताही भाजपकडेच राहिली. दरम्यान शहराची हद्द हा प्रश्नाचा छोटा भाग उरला आहे. मिहान या विमानतळालगतच्या मालवाहतूक व उद्योग प्रकल्पासाठी शिवणगाव-खापरीच्या बाजूची शेती केव्हाच गेली. नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या कक्षेत ७१९ गावे आणि साडेतीन हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र आहे. बेसा, बेलतरोडी, वाडी, हिंगणा या दिशांना अकृषक परवान्याचे फलक लागतात आणि संत्र्याच्या बागा भूखंडांत उतरतात. पालिका हद्दीबाहेर १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा लागू होतो, पण तो साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ अशा ठरावीक जातींपुरता आहे. बांधावरचा कडुनिंब त्या यादीत नाही. तो तोडायचा झाला, तर त्याच्या बुंध्यावर नोटीसही चिकटवावी लागत नाही.