प्लास्टिक प्रदूषण : सोलापूर

सोलापूर शहर व जिल्ह्यातील प्लास्टिक कचरा, त्याचे मोजमाप आणि त्याला आळा घालण्याचे उपाय. प्लास्टिकचा विषय निघाला की समुद्राची चर्चा होते, पण अरबी समुद्र सोलापूरपासून अडीचशे किमीहून दूर आहे आणि इथले पाणी त्या बाजूला जातही नाही. शहराचे नाले सीना नदीच्या खोऱ्यात उतरतात. सीना हत्तरसंग कुडल येथे भीमेला मिळते, भीमा रायचूरच्या उत्तरेस कृष्णेला आणि कृष्णा आंध्र प्रदेशात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला.

या वाटेने समुद्रापर्यंत किती प्लास्टिक पोहोचते, हे ठरवणे अवघड आहे. जेना जॅम्बेक व सहकाऱ्यांच्या २०१५ मधील अभ्यासानुसार २०१० या एका वर्षात १९२ किनारी देशांतून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेले असावे. त्या यादीत भारत बारावा होता. मात्र हिशेबात किनाऱ्यापासून ५० किमीच्या आतली वस्तीच धरली होती. २०११ च्या जनगणनेत ९,५१,५५८ लोकसंख्या असलेले सोलापूर त्यात आलेच नाही. नद्यांवर आधारलेल्या २०२१ मधील एका अभ्यासाने नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्क्यांसाठी सुमारे हजार नद्यांना जबाबदार धरले आणि त्यात किनाऱ्यालगतच्या लहान, शहरी नद्यांचा वाटा मोठा निघाला. कृष्णेची गोष्ट वेगळी. जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर ही धरणे आणि विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा ओलांडल्याशिवाय समुद्र येत नाही. सोलापूरचे बरेचसे प्लास्टिक वाटेतच, काठावर, गाळात आणि शेतात अडकते असे मानणे त्यामुळे सयुक्तिक ठरते. त्याचा त्रास आधी इथल्याच लोकांना होतो.

जिल्हा कमी पावसाचा आहे. कोरड्या महिन्यांत नाल्यात पडलेला कचरा जागचा हलत नाही. जोराचा पाऊस झाला की साचलेले सगळे एकदम सुटते. उन्हाळ्यात केलेली पाहणी आणि पुरानंतरची पाहणी यांचे आकडे म्हणूनच जुळत नाहीत. वजनकाट्याचीही तीच गत. कॅरीबॅग काही ग्रॅमची असते, पण चिखल आणि खरकटे धरून ती कितीतरी जड होते. पाण्याच्या बाटल्या, कॅन, मोडक्या खुर्च्या, ठिबकच्या जुन्या नळ्या यांना भाव असल्याने कचरावेचक त्या उचलतात आणि भंगारवाला विकत घेतो. ज्याला गिऱ्हाईक नाही ते नाल्यात राहते. त्यामुळे एकूण किती टन, यापेक्षा त्यातले भंगारात न खपणारे किती, हा आकडा जास्त उपयोगी आहे.

अशा बिनभावाच्या मालाचे ठळक उदाहरण म्हणजे माव्याचा कागद. सुपारी, तंबाखू आणि चुना पातळ प्लास्टिकच्या चौकोनात घालून तळहातावर घोटतात, त्यातच गुंडाळून देतात. मावा तोंडात गेला की कागद गटारात. गुटखा, तंबाखू व पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत बांधण्यास २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी मनाई केली आहे. दुसरे उदाहरण शेंगा चटणीचे. तेल झिरपू नये म्हणून ती बहुधा प्लास्टिकच्या पाकिटात येते. चटणी संपली तरी आतून पाकीट तेलकट, तिखटाने माखलेले असते. ते धुवायला लागणारे पाणी आणि मजुरी पाहता पुनर्प्रक्रिया करणारा त्याला हात लावत नाही.

ग्रामीण भागात मल्चिंगचा, म्हणजे पिकाभोवतीची जमीन झाकण्याचा, कागद हा मोठा स्रोत आहे. २५ ते ३० मायक्रॉनचा हा पॉलिथिनचा थर उन्हाने चिरतो आणि हंगाम संपल्यावर तो सबंध निघत नाही. तुकडे नांगरटीत मातीत जातात किंवा बांधावर पेटवले जातात. त्या मानाने चर्चा पंढरपूरच्या आषाढी वारीची जास्त होते. पत्रावळ्या, द्रोण, पाण्याच्या बाटल्या आणि पावसात वारकऱ्यांनी डोक्यावर घेतलेले प्लास्टिकचे कागद चंद्रभागेच्या वाळवंटात दिसतात खरे, पण हा कचरा ठरावीक दिवशी आणि ठरावीक जागी पडतो. त्यामुळे तो गोळा करणे तुलनेने सोपे आहे.

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्या व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली. दंड पहिल्या वेळी ५,०००, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद असा आहे. केंद्राने १ जुलै २०२२ पासून स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, ताटल्या अशा एकदाच वापरायच्या वस्तू बंद केल्या, तर ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन केली. जाड पिशवी पुन्हा वापरता येते आणि भंगारात खपतेही, हा त्यामागचा हिशेब. छापा पडला की भाजी मंडईतल्या पातळ पिशव्या काही दिवस गायब होतात. घरून पिशवी न आणता बाजाराला यायची गिऱ्हाइकाची सवय मात्र दंडाने बदलत नाही, आणि भाजीवाली एकटीच त्या कारवाईत सापडते.

उत्पादकाने आपले वेष्टन परत गोळा करावे, या तत्त्वाचे सविस्तर नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये आले. ब्रँडमालकांपैकी सूक्ष्म व लघु उद्योगांना त्यातून वगळले होते. चटणी, कडक भाकरी असा माल पाकिटात भरणारे सोलापूरचे घरगुती व्यवसाय याच वर्गात मोडतात. त्यांची पाकिटे गोळा करायची तर ती ओल्या कचऱ्यात मिसळण्याआधी घंटागाडीवर वेगळी घ्यावी लागतात, आणि ती वेचणाऱ्याला किलोमागे काहीतरी पैसे मिळावे लागतात.