हायड्रोजनाधारित लोहनिर्मिती

लोहखनिजातील ऑक्सिजन काढण्यासाठी कोळशाऐवजी हायड्रोजन वापरण्याची पद्धत. खनिजापासून लोह मिळवणे म्हणजे मुळात त्यातला ऑक्सिजन सोडवणे. याला क्षपण म्हणतात. झोतभट्टीत हे काम कोकमधला (हवा न लागू देता भाजलेल्या दगडी कोळशातला) कार्बन करतो आणि ऑक्सिजनला घेऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो. या मार्गाने एक टन पोलादामागे साधारण 2 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाच्या एकूण उत्सर्जनात पोलाद उद्योगाचा वाटा सुमारे 7 टक्के आहे. तेच काम हायड्रोजनने केले, तर बाहेर पडते ती पाण्याची वाफ.

खनिजाची भुकटी करून तिच्या छोट्या गोटीएवढ्या गोळ्या (पेलेट) वळतात, भाजतात आणि उभ्या भट्टीत वरून सोडतात. खालून तापवलेला हायड्रोजन वर चढतो. भट्टीचे तापमान 800 ते 900 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. लोह वितळायला 1,538 अंश लागतात, त्यामुळे गोळी वितळत नाही. हेमॅटाइट या लाल लोहखनिजाच्या वजनात सुमारे 30 टक्के ऑक्सिजन असतो. तो निघून गेला तरी गोळीचा आकार फारसा बदलत नाही, आत बारीक बारीक पोकळ्या मात्र राहतात. लाल गोळी राखाडी आणि हातात हलकी लागते. हेच स्पंज आयर्न. पुढे ते विद्युत भट्टीत वितळवून पोलाद करतात. पोलादाला थोडा कार्बन लागतोच आणि या लोहात तो नसतो, म्हणून तो नंतर घालावा लागतो.

खरा प्रश्न विजेचा आहे. एक टन लोहासाठी हिशेबाने किमान 54 किलो हायड्रोजन लागतो. पाण्याचे विद्युत अपघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवायला 50 युनिटहून जास्त वीज जाते. वितळवण्याची वीज धरली, तर एक टन पोलादामागे साधारण 3,500 युनिट होतात. महिन्याला 100 युनिट वापरणाऱ्या घराची ही जवळजवळ तीन वर्षांची वीज! ही वीज कोळशाची असेल, तर सगळा खटाटोप व्यर्थ ठरतो. पाण्याची चिंता त्या मानाने कमी, कारण भट्टीतून निघालेली वाफ थंड करून तेच पाणी पुन्हा वापरता येते.

या पद्धतीचा सर्वांत ठळक प्रयोग उत्तर स्वीडनमधल्या लुलिओ शहरात झाला. पोलाद बनवणारी एसएसएबी, खाणकाम करणारी एलकेएबी आणि वीज पुरवणारी वॅटनफॉल या तीन कंपन्यांनी 2016 मध्ये ‘हायब्रिट’ प्रकल्प हाती घेतला. प्रायोगिक भट्टी 2020 मध्ये सुरू झाली आणि 2021 मध्ये तिथल्या लोहापासून बनलेले पोलाद व्होल्वोकडे पोचले. हायड्रोजन साठवण्यासाठी खडकात 100 घनमीटरची पोलादी अस्तराची गुहा खोदली आहे. वीज स्वस्त असताना वायू भरायचा, महाग झाली की वापरायचा. स्वीडनकडे जलविद्युत मुबलक आणि खनिजही उत्तम प्रतीचे, म्हणून हा प्रयोग तिथे जमला.

भारत हा स्पंज आयर्नचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक आहे. मात्र त्यातले बहुतेक कोळशावर, आडव्या फिरत्या भट्ट्यांत बनते. तिथे खनिजाबरोबर कोळसाच भरलेला असतो, त्यामुळे नुसता वायू बदलून भागत नाही, भट्टीच नवी उभारावी लागते. रायगड जिल्ह्यात साळाव आणि डोलवी इथे 1990च्या दशकात उभारलेल्या भट्ट्या मात्र नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या, उभ्या धाटणीच्या आहेत. नैसर्गिक वायूपासून केलेल्या क्षपणवायूत कार्बन मोनॉक्साइडच्या जोडीने हायड्रोजन भरपूर असतोच. म्हणजे कोकणात खनिजातला बराचसा ऑक्सिजन गेली तीस वर्षे हायड्रोजनच काढतो आहे. फक्त तो हायड्रोजन पाण्यातून आलेला नाही. अशा भट्टीत त्याचे प्रमाण हळूहळू वाढवत नेता येते. तसे करताना उष्णतेचे गणित बदलते: कार्बन मोनॉक्साइडने होणारे क्षपण थोडी उष्णता देते, हायड्रोजनचे उलट उष्णता शोषते, आणि ती तूट वायू अधिक तापवून भरून काढावी लागते.