मालकी बदलली, प्रश्न राहिला : इंदूरच्या गिरण्या आणि समतेच्या वादाची पार्श्वभूमी

खुल्या बाजारपेठेमुळे समाजात अधिक समता येते की सरकारी नियंत्रणाखालच्या अर्थव्यवस्थेमुळे, हा वाद बहुधा अमेरिका, सोव्हिएत संघ आणि चीन यांच्या दाखल्यांवर चालतो. इंदूरच्या माणसाला त्यासाठी इतके लांब जाण्याची गरज नाही. दीडशे वर्षांत या शहरातील कापडउद्योग दरबाराच्या मालकीचा होता, सेठांच्या मालकीचा होता, केंद्र सरकारच्या महामंडळाच्या मालकीचा होता आणि शेवटी अवसायकाच्या, म्हणजे बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ताब्यातही गेला. प्रत्येक टप्प्यावर कोणाला काय मिळाले आणि कोण बाहेर राहिले, हे तपासले की या वादातील दोन्ही बाजूंच्या घोषणा बऱ्याच अपुऱ्या वाटू लागतात.

सुरुवात दरबारापासून झाली. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत, 1860 च्या दशकाच्या अखेरीस, इंदुरात संस्थानाच्या पैशाने वाफेवर चालणारी कापडगिरणी उभी राहिली. तेव्हा खंडव्याहून इंदूरला येणारी रेल्वेही नव्हती. ती यावी म्हणून याच तुकोजीरावांनी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले, साडेचार टक्के व्याजाने आणि 101 वर्षांच्या मुदतीने. पुढे त्या मार्गाला होळकर स्टेट रेल्वे असे नाव मिळाले. माळव्याचा कापूस आणि अफू मुंबईच्या बाजारात सहज जाऊ लागली ती या रेल्वेमुळे. म्हणजे ज्याला आपण इंदूरचा खुला बाजार म्हणतो, त्याचा पाया राज्याच्या तिजोरीतून घातला गेला होता. बाजार आणि राज्य ही दोन वेगळी घराणी आहेत असे समजून चाललेली चर्चा मला म्हणूनच पटत नाही.

दरबारी गिरणीमुळे समता वाढली असे म्हणता येणार नाही, कारण तो तिचा हेतूच नव्हता. राज्याचे उत्पन्न वाढावे आणि संस्थानात नवी विद्या यावी, एवढाच विचार तिच्यामागे होता. दरबारी अर्थव्यवस्थेचा लाभ कोणाला झाला, याविषयी आपण मराठी इंदूरकरांनी प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. महसूल, न्याय, शिक्षण आणि फौज या खात्यांतील लेखणीची कामे मोठ्या प्रमाणात आपल्याकडे होती, सराफ्यातील आणि कापडबाजारातील उलाढाल मारवाडी, जैन आणि गुजराती व्यापाऱ्यांकडे होती आणि यंत्रापुढे उभी राहणारी माणसे खेड्यांतून, माळवा-निमाडातून, तसेच उत्तर हिंदुस्थानातून आली होती. राज्याच्या आश्रयाला आपण न्याय समजत आलो, कारण तो आश्रय आपल्या वाट्याला आला होता.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत चित्र पालटले. 1907 साली मालवा युनायटेड मिल स्थापन झाली. अफू आणि कापसाच्या सौद्यांत अफाट पैसा मिळवलेल्या सर सेठ हुकुमचंदांनी आपल्या नावाची गिरणी काढली, मग राजकुमार, कल्याणमल आणि स्वदेशी या गिरण्या आल्या. दरबारी गिरणीही खासगी हाती गेली. या सेठांकडे भांडवल होते आणि जोखीम घेण्याची तयारी होती, हे मान्यच करायला हवे. पण संस्थानात गिरणी काढण्याचा आणखी एक फायदा होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील फॅक्टरी कायदा संस्थानांना आपोआप लागू होत नसे, त्यामुळे कामाचे तास आणि मजुरी यांवर मालकाचा शब्द चाले.

खुल्या बाजाराच्या बाजूने एक गंभीर युक्तिवाद केला जातो. नफा हवा असलेला मालक जात पाहत नाही, त्याला हात हवे असतात, म्हणून स्पर्धेत भेदभाव आपोआप गळून पडतो, असा तो युक्तिवाद आहे. गिरण्यांच्या इतिहासात हे अर्धेच खरे ठरले. खेड्यात ज्याला विहिरीवर पाणी भरू देत नसत, त्याला गिरणीत रोख पगार मिळाला, ही लहान गोष्ट नव्हती. मात्र मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचे विणकाम खाते दलित कामगारांना बंद होते, कारण मागावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्यातून ते सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि सवर्ण कामगारांना त्यात विटाळ वाटे. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. मालकांना स्वस्त आणि कुशल हात हवे असूनही त्यांनी स्वतःहून ही बंदी मोडली नव्हती, आणि कामगार संघटनांनीही ती निमूटपणे चालू दिली होती.

आंबेडकरांचा जन्म इंदूरजवळच्या महू येथे 1891 साली झाला, म्हणून त्यांचे नाव येथे आपुलकीने घेतले जाते. त्यांचे आर्थिक विचार मात्र क्वचितच वाचले जातात. संविधान सभेसाठी 1947 मध्ये तयार केलेल्या निवेदनात त्यांनी असे सुचवले होते की, मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विमा ही राज्याची मक्तेदारी असावी, शेती हा राज्याचा उद्योग ठरवून जमीन जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, आणि हे सारे संविधानातच लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या कोणत्याही बहुमताला ते सहज पुसता येणार नाही. ती योजना स्वीकारली गेली नाही. तिचा खरा आग्रह सरकारी मालकीपेक्षा हक्क कायद्याने बांधून घेण्यावर होता, असे मला वाटते, आणि इंदूरच्या पुढील इतिहासाने तो आग्रह योग्य ठरवला.

1948 मध्ये मध्य भारत राज्य झाले आणि दरबार संपला. त्यानंतरची सुमारे पंचवीस वर्षे इंदूरच्या कामगारवस्त्यांसाठी सर्वांत चांगली होती, आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे या काळात गिरण्या सेठांच्याच मालकीच्या होत्या. बदल झाला तो कायद्यात. भविष्यनिर्वाह निधी आला, कामगार राज्य विमा योजना आली, 1960 चा मध्य प्रदेश औद्योगिक संबंध कायदा आला. नंदानगरची वसाहत वसली. तिथल्या विमा रुग्णालयाला लोक आजही ‘बीमा अस्पताल’ म्हणूनच ओळखतात. व्ही. व्ही. द्रविड यांच्यासारखा गांधीवादी मराठी कामगारनेता राज्याचा कामगारमंत्री झाला, तर 1962 मध्ये होमी दाजी यांच्यासारखा कम्युनिस्ट इंदुरातून लोकसभेवर गेला. मालवा मिल, पाटणीपुरा, परदेशीपुरा या भागांत पगाराच्या दिवशी बाजार फुलत असे, आणि अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाक्या, म्हणजे सजवलेले फिरते देखावे, रात्रभर शहरातून निघत. गिरणी बंद झाल्यावरही त्या झाक्या वर्गणीवर चालू ठेवणाऱ्या कामगारांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

देशपातळीवर याच काळात नियोजनाचा प्रयोग चालू होता. 1956 च्या औद्योगिक धोरण ठरावाने मोठे उद्योग सरकारकडे राखून ठेवले आणि बाकीच्यांना परवान्यांच्या चौकटीत बसवले. उद्देश संपत्तीचे केंद्रीकरण रोखण्याचा होता, परंतु परवाने मोठ्या घराण्यांनीच आधी पटकावले, असे साठच्या दशकातील सरकारी चौकशांतूनच पुढे आले. त्याहून मोठी चूक शिक्षणाच्या बाबतीत झाली. पोलादाच्या कारखान्यांना जे अग्रक्रम मिळाले ते प्राथमिक शाळांना मिळाले नाहीत, आणि 1991 च्या जनगणनेतही साक्षरतेचे प्रमाण 52 टक्क्यांच्या आसपासच होते. समतेच्या नावाने चाललेल्या व्यवस्थेत निम्मा देश वाचू शकत नसेल, तर त्या व्यवस्थेचे समर्थन करताना हा आकडा लपवता येत नाही.

तोवर गिरण्या खिळखिळ्या होऊ लागल्या होत्या. मालकांनी नफा यंत्रांत परत घातला नव्हता. गरिबांसाठी ठरावीक दराने जाडेभरडे कापड काढण्याची सक्ती होती, तिचा तोटा गिरणीला सोसावा लागे आणि नंतर हा भार मुख्यतः सरकारी गिरण्यांवर आला. 1974 च्या कायद्याने देशातील आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा इंदूरच्या मालवा, कल्याणमल आणि स्वदेशी या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. हुकुमचंद आणि राजकुमार या गिरण्या त्या यादीत नव्हत्या. एकाच शहरात, जवळजवळच्या रस्त्यांवर, सरकारी आणि खासगी गिरण्या बरोबरीने चालू लागल्या. अर्थशास्त्राला इतकी स्पष्ट तुलना क्वचितच मिळते.

दोन्हींना हरवले ते यंत्रमागांनी. भिवंडी, इचलकरंजी आणि आपल्या शेजारचे बऱ्हाणपूर येथे लहान लहान शेडमध्ये चालणाऱ्या मागांना ना विमा योजनेचा खर्च होता, ना भविष्यनिर्वाह निधीचा. 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांना एकाच पातळीवर स्पर्धेत उतरवले. त्यामुळे कापड स्वस्त झाले आणि त्याचा लाभ गरीब ग्राहकाला निश्चितच झाला, पण तो लाभ ज्या मजुराच्या अंगमेहनतीतून आला त्याला कामगार म्हणून कोणतेच संरक्षण नव्हते. डिसेंबर 1991 मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली. उदारीकरणाची घोषणा त्याच वर्षी जुलैत झाली असल्याने अनेकजण दोन्ही गोष्टी जोडतात, परंतु रोग जुना होता.

खरा फरक दिसला तो बंद पडल्यानंतर. महामंडळाच्या गिरण्याही 2000 नंतरच्या काही वर्षांत थांबल्या, पण तिथल्या कामगारांना स्वेच्छानिवृत्तीची रक्कम मिळाली, कारण मागे केंद्र सरकारची तिजोरी होती. हुकुमचंद मिलचे 5,895 कामगार मात्र बँका आणि इतर धनकोंच्या रांगेत उभे राहिले. गिरणी अवसायनात गेली, 2007 मध्ये उच्च न्यायालयाने कामगारांचे देणे सुमारे 229 कोटी रुपये निश्चित केले, 2017 मध्ये त्यातले सुमारे 50 कोटी मिळाले, आणि उरलेली रक्कम व्याज धरून 224 कोटी रुपये 25 डिसेंबर 2023 रोजी, म्हणजे बत्तीस वर्षांनी, देण्यात आली. मधल्या काळात शेकडो कामगार वारले आणि त्यांच्या विधवा कोर्टाच्या तारखांना जात राहिल्या. एवढ्या वर्षांत मुलांची शाळा सुटली ती सुटलीच. समतेचे मोजमाप करताना हा विलंबही हिशेबात धरला पाहिजे.

देशाचे आकडे दोन्ही बाजूंना अस्वस्थ करणारे आहेत. लुकास शांसेल आणि तोमा पिकेटी या अर्थतज्ज्ञांच्या अंदाजानुसार सर्वाधिक उत्पन्न असलेल्या एक टक्का लोकांचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा 1930 च्या दशकाच्या अखेरीस 21 टक्क्यांच्या आसपास होता, 1980 च्या दशकाच्या आरंभी तो 6 टक्क्यांपर्यंत उतरला आणि 2014 पर्यंत पुन्हा 22 टक्क्यांवर गेला. दुसरीकडे दारिद्र्यरेषेची पद्धत सुचवणाऱ्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने मोजलेले दारिद्र्याचे प्रमाण 1993-94 मधील 45.3 टक्क्यांवरून 2011-12 मध्ये 21.9 टक्क्यांवर आले. नियंत्रणाच्या काळात वरचे खाली आले, पण खालचे पुरेसे वर आले नाहीत. खुलेपणाच्या काळात खालचे वर आले, आणि वरचे त्यांच्यापासून फार दूर निघून गेले.

परवानगीशिवाय कारखाना बंद करता येऊ नये, ही तरतूद 1976 मध्ये 300 आणि त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी आली, 1982 च्या दुरुस्तीने ती मर्यादा 100 वर आणली, आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा 300 केली. परदेशीपुऱ्यात आज तयार कपड्यांचे छोटे कारखाने आहेत. तिथे शिलाईयंत्रावर बसणाऱ्या माणसापर्यंत यांतली कोणतीच मर्यादा पोहोचत नाही.