वकिलाविना घटस्फोट

विवाह संपवण्याचा अर्ज वकील न नेमता पती-पत्नीने मिळून किंवा दोघांपैकी एकाने स्वतः दाखल करणे आणि निकालापर्यंत स्वतःच चालवणे. भारतातल्या कोर्टांत अशा पक्षकाराला ‘पार्टी इन पर्सन’ म्हणतात. मराठीतल्या दोन्ही रुळलेल्या शब्दांत वकिलाचा मागमूस नाही. ‘घटस्फोटा’त मडके फुटते, ‘काडीमोडी’त काडी मोडते. पंचांसमक्ष नाते तोडण्याच्या अशा रूढीला हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ने आजही जागा ठेवली आहे. मात्र ती रूढी आपल्या समाजात पूर्वापार चालत आली आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर असते. अशी रूढी नसताना नोटरीपुढे स्टॅम्पपेपरवर सह्या करून घेतलेली ‘फारकत’ म्हणजे घटस्फोट नव्हे. त्या कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केलेले लोक पुढे द्विविवाहाच्या गुन्ह्यात अडकतात.

वकील लागतो की नाही, हे त्या देशात विवाह कोण संपवतो यावर ठरते. जपानमध्ये दोघांचे एकमत असेल तर न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. ठरावीक नमुन्यावर दोघांच्या आणि दोन सज्ञान साक्षीदारांच्या सह्या घेऊन तो नगरपालिकेच्या कार्यालयात द्यायचा, आणि तो स्वीकारला गेला की विवाह संपला. तिथले बहुतेक घटस्फोट असेच होतात. हे इतके सोपे आहे की एकाने दुसऱ्याची खोटी सही ठोकून अर्ज देण्याची भीती असते. म्हणून ‘माझ्या नावाने असा अर्ज आला तर स्वीकारू नका’ असे आधीच लिहून देण्याचीही सोय तिथे आहे. रशियात अल्पवयीन मुले नसलेल्या आणि राजी असलेल्या जोडप्याचे काम नोंदणी कार्यालयात एका महिन्याच्या मुदतीनंतर होते. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून परस्परसंमतीच्या घटस्फोटातून न्यायाधीशाला बाजूला केले, पण वकिलाला नाही; उलट दोघांनी आपापला वेगळा वकील नेमलाच पाहिजे. जर्मनीत अर्ज करणाऱ्याला वकील सक्तीचा आहे, नुसती संमती देणाऱ्याला नाही. म्हणून तिथली जोडपी एकाच वकिलावर भागवतात. तो वकील मात्र कायद्याने एकाचाच असतो, हे दुसऱ्याच्या बऱ्याचदा उशिरा लक्षात येते.

रूढी आणि वैयक्तिक कायद्यांतले अपवाद सोडले तर भारतात घटस्फोट न्यायालयच देते, आणि तरीही वकील सक्तीचा नाही. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ यातले कलम १३ तर उलट्या बाजूने बोलते: वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क नाही, गरज वाटल्यास न्यायालय एखाद्या कायदेतज्ज्ञाची न्यायमित्र म्हणून मदत घेऊ शकते. घरातले भांडण घरच्या भाषेत, समुपदेशकाच्या खोलीत आधी बोलले जावे, हा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात परवानगीचा अर्ज देऊन वकील उभे राहतात आणि तेच अंगवळणी पडले आहे. त्यामुळे वकील नसलेल्या माणसाला पहिल्या तारखेला आपणच काहीतरी चुकत असल्यासारखे वाटते. कायद्याच्या दृष्टीने नियम त्याचा आहे आणि अपवाद इतरांचा.

वकिलाविना चालवायला सर्वांत सोयीचे प्रकरण परस्परसंमतीचे. हिंदू विवाह कायद्यात १९७६च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३-ब नुसार जोडपे किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजे, एकत्र राहणे जमलेले नसले पाहिजे आणि विवाह संपवण्यावर दोघांचे एकमत झालेले असले पाहिजे. संयुक्त अर्जानंतर सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा येऊन तेच सांगायचे. सहा महिन्यांची ही थांबण्याची मुदत न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या प्रकरणात ठरवले. मधल्या काळात कोणीही संमती मागे घेऊ शकतो, हे त्याच न्यायालयाने १९९१ मध्येच सांगून ठेवले होते. ‘आता सही झाली, काम झाले’ हा समज इथे फसतो.

अर्ज स्वतः फार अवघड नसतो. विवाह कुठे आणि कधी झाला, शेवटचे एकत्र कुठे राहिलो, कधीपासून वेगळे आहोत, मुले किती, याच न्यायालयात का आलो, दुसरीकडे काही दावा चालू आहे का, संगनमत नाही ना, हे क्रमांक घातलेल्या परिच्छेदांत लिहायचे. शेवटी सत्यापन (वरचा मजकूर खरा आहे असे सहीनिशी सांगणे), सोबत प्रतिज्ञापत्र आणि कागदांची यादी. माणसे अडतात ती बारीक गोष्टींवर. लग्न मे महिन्यात लागले, नोंदणी डिसेंबरात झाली आणि अर्जात दाखल्यावरची दुसरी तारीख विवाहाची म्हणून उतरली. पत्नीचे आधारवर माहेरचे नाव, दाखल्यावर सासरचे, आणि दोन्ही एकाच बाईची आहेत हे सांगणारी ओळ अर्जात नाही. मग कार्यालय त्रुटी काढते आणि अर्ज परत हातात येतो. कोर्टाची बोलीही वेगळी: कागदाला ‘निशाणी’ म्हणजे नोंदीचा क्रमांक पडतो, दिवसभरात काय झाले ते ‘रोजनाम्या’त लिहिले जाते, न्यायालयाला काही कळवायचे तर ‘पुरसिस’ द्यायची. ‘पुरसिस आणा’ एवढे ऐकून बाहेरच्या स्टॉलवर पुरसिस नावाचा फॉर्म शोधत हिंडणारा पक्षकार नवलाचा नाही. तो फॉर्म नसतोच. कोऱ्या कागदावर चार ओळी आणि सही, एवढेच ते असते.

खरा धोका अर्जात नसून त्याला जोडलेल्या तडजोडीच्या अटींत असतो. ‘मुलीच्या शिक्षणाचा खर्च वडील करतील’ हे वाक्य घ्या. सही करताना ते दोघांनाही पुरेसे वाटते. पाच वर्षांनी मात्र त्यातून प्रश्न निघतात: शिक्षण कुठपर्यंत? शिकवणी, वसतिगृह, लॅपटॉप त्यात येतात का? फी परस्पर शाळेत भरायची की आईच्या खात्यात, आणि किती तारखेपर्यंत? ‘वडील सोयीनुसार मुलांना भेटतील’ यातली सोय कोणाची, हेही असेच. वकील मुख्यतः याच ओळींसाठी फी घेतो, आणि सगळे काम स्वतः करणाऱ्यानेही निदान या दोन पानांवर कोणा जाणत्याची नजर फिरवून घ्यावी. घर, कर्ज, स्त्रीधन, एकरकमी पोटगी आणि एकमेकांवरच्या तक्रारी मागे घेण्याचा क्रम (आधी पैसे की आधी माघार) ही सगळी भांडणे याच पानांवर मिटतात किंवा पुढे ढकलली जातात. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर कुटुंब न्यायालय कायद्यानुसार अपील नाही.

एकतर्फी किंवा लढतीच्या प्रकरणात चित्र पालटते. क्रूरता किंवा परित्याग पुराव्याने सिद्ध करायचा असतो, स्वतःची उलटतपासणी सोसायची असते आणि समोरच्याची घ्यायची असते. ज्याच्याशी नीट बोलणे होत नाही म्हणून वेगळे झालो, त्यालाच प्रश्न विचारणे हे कायदा पाठ असलेल्यालाही जड जाते. घरात मारहाण झालेली असेल, मालमत्ता लपवली जात असेल, जोडीदार परदेशात असेल, तर एकट्याने उभे राहणे शहाणपणाचे नाही. पैशांअभावी तसे करावे लागत असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळू शकतो.

एकट्या पक्षकाराच्या हक्कांचा विस्तारही घटस्फोटाच्या खटल्यांनीच केला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये बॉडी विरुद्ध कनेक्टिकट या प्रकरणात ठरवले की फी आणि समन्सचा मिळून सुमारे ६० डॉलरचा खर्च परवडत नाही म्हणून गरिबाला घटस्फोटाचे दार बंद करता येणार नाही. त्याआधी १९७० मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे मॅकेन्झी नावाच्या पतीचे प्रकरण आले. वकिलासाठी मिळणारी त्याची सरकारी मदत बंद झाली होती. शेजारी बसून टिपणे घेणाऱ्या आणि हळूच प्रश्न सुचवणाऱ्या एका तरुण ऑस्ट्रेलियन बॅरिस्टरला न्यायाधीशांनी मदत करण्यास मनाई केली होती. ती मनाई चुकीची ठरली आणि खटला पुन्हा चालवण्याचा आदेश झाला. अशा सोबत्याला तिथे तेव्हापासून ‘मॅकेन्झी फ्रेंड’ म्हणतात. तो कानात सांगू शकतो, पक्षकाराच्या वतीने बोलण्याचा मात्र त्याला आपोआप अधिकार नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २०२२ पासून कोणाचाही दोष न दाखवता, दोघांना मिळून किंवा एकट्याला, ऑनलाइन अर्ज करता येतो. वीस आठवड्यांनी सशर्त आदेशाची मागणी, त्यानंतर सहा आठवड्यांनी अंतिम आदेशाची. इतक्या सुटसुटीत व्यवस्थेतही दोन खड्डे आहेत. विवाह संपला म्हणून पैशांचे दावे संपत नाहीत. त्यासाठी वेगळा आदेश लागतो. १९९२ मध्ये घटस्फोट झालेल्या एका पत्नीने २०११ मध्ये, पती मधल्या काळात श्रीमंत झाल्यावर, केलेली पैशांची मागणी चालू ठेवायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये परवानगी दिली. दुसरा खड्डा त्याहून साधा. अंतिम आदेश आपोआप येत नाही, तो मागावा लागतो. सशर्त आदेशाची ईमेल पाहून सुटलो असे समजणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने अजून विवाहितच असतो, आणि त्याने अर्ज केला नाही तर आणखी तीन महिन्यांनी तो करण्याची मुभा समोरच्याला मिळते.