ताटातले बीसीएए आणि रक्तातले बीसीएए

सांगलीच्या विश्रामबागेतल्या जिममध्ये वजन उतरवायला येणाऱ्यांत दोन पंथ पडलेत. एक बाटलीत बीसीएएची पावडर घोळून व्यायामभर घोट घेत असतो. दुसऱ्याने कुठेतरी वाचलंय की रक्तात बीसीएए वाढले की इन्सुलिन रेझिस्टन्स येतो, म्हणजे शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. म्हणून त्याने दूध आणि मटकीची उसळ बंद केलीय आणि भूक लागली की भडंगावर भागवतो. घोळ दोघांचा एकच. पोटात जाणारं आणि रक्तात साचलेलं, दोन्ही त्यांनी एकच धरलंय.

बीसीएए म्हणजे ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं. शरीराला ती तयार करता येत नाहीत, खाण्यातूनच मिळवावी लागतात. दूध, अंडी, मटण, डाळी, शेंगदाणे, सगळ्यांत ती असतात. ताटातल्यांबद्दल एवढं पुरे.

रक्तातल्यांचं प्रकरण जुनं आहे. १९६९ मध्ये फेलिग, मार्लिस आणि केहिल यांनी दाखवलं की लठ्ठ माणसांच्या उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात ही तिन्ही जास्त असतात, जोडीला टायरोसिन आणि फेनिलअ‍ॅलनिनही. पुढे २०११ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात असं आढळलं की याच पाचांची पातळी चढी असणाऱ्यांना नंतरच्या १२ वर्षांत टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता जास्त. हे वाचून माणूस डाळीलाच घाबरला तर नवल नाही. पण हे रक्त उपाशीपोटीचं होतं, नुकत्याच जेवलेल्या डाळीचं नव्हे.

आयर्विन पुलाखाली पाणी चढायला लागलं की सांगलीकर कोयनेतून किती सोडलं एवढ्यावर थांबत नाही. खालच्या अलमट्टी धरणातून पुढे किती जातंय तेही विचारतो. इथेही पुढचा निचरा तुंबलेला असतो, आणि आत येणारंही नुसतं ताटातलं नसतं. इन्सुलिन नीट चालत असेल तर ते स्नायूंची मोडतोड आवरून धरतं. त्याचा जोर ओसरला की स्नायूंतून अमिनो आम्लं सुटत राहतात. त्यात लठ्ठपणात चरबीच्या पेशी आणि यकृत यांच्यातली, बीसीएए जाळणारी एन्झाइम्स मंदावलेली असतात. दोन-तीन दिवस कडक उपास केला तर रक्तातले बीसीएए काही काळ वाढतात, आणि तेव्हा ताट तर रिकामंच असतं! (साबुदाण्याची एकादशी यात धरू नये. ती दुप्पट खाशीच.)

मग खाण्याचा काहीच संबंध नाही? आहे. २००९ मध्ये न्यूगार्ड यांच्या गटाने उंदरांना चरबीदार खाद्यासोबत बीसीएए दिले. ते उंदीर कमी खाऊनही इन्सुलिनला दाद देईनासे झाले. साध्या खाद्यासोबत तेवढेच बीसीएए दिले तेव्हा मात्र तसं झालं नाही. चढे बीसीएए आणि इन्सुलिन रेझिस्टन्स यांत कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हा वाद अजून मिटलेला नाही. माझा कल दोन्ही एकमेकांना वाढवतात याकडे आहे.

वजन उतरताना आणखी एक गंमत दिसते. २०१२ च्या एका अभ्यासात किती किलो गेले आणि इन्सुलिन रेझिस्टन्स किती सुधारला यांचं नातं बरंच सैल निघालं. ज्यांचे बीसीएए सुरुवातीला चढे होते त्यांच्यात सुधारणा जास्त दिसली, किलो कितीही गेलेले असोत. वजन उतरवण्यासाठी केलेल्या जठराच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर तर, डाएट करून तेवढंच वजन उतरवलेल्यांपेक्षा रक्तातले बीसीएए जास्त खाली येतात.

पावडरवाल्यांसाठी २०१६ चा एक निकाल. पाळी गेलेल्या लठ्ठ स्त्रियांनी १० टक्के वजन उतरवलं. रोज किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिनं घेणाऱ्यांच्या स्नायूंचा इन्सुलिनला प्रतिसाद सुधारला, १.२ ग्रॅम घेणाऱ्यांचे स्नायू थोडे जास्त टिकले, पण ही सुधारणा त्यांच्यात दिसली नाही. म्हणून उसळ सोडायची असं नव्हे. पण पोटभर डाळ, दूध, अंडी खाणाऱ्याने वरून बीसीएएवर पैसे घालवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

स्वतःचं काय चाललंय हे पाहायचं तर उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन डॉक्टरांना विचारून एकत्र तपासून घ्या. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून ४०५ ने भागलं की होमा-आयआर, म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्सचा अंदाज देणारा आकडा, मिळतो: साखर ९५ आणि इन्सुलिन १७ असेल तर जवळजवळ ४. तीन-चार महिन्यांनी त्याच लॅबमधून पुन्हा करा. अमिनो आम्लांची महागडी तपासणी यासाठी लागत नाही.