ड्रायव्हरचा शाफ्ट लांब, म्हणजे फटकाही लांब?

ड्रायव्हर म्हणजे गोल्फमधला सर्वांत लांब फटक्यासाठीचा क्लब (काठी), आणि शाफ्ट म्हणजे त्याचा दांडा. ‘शाफ्ट जितका लांब, तितका चेंडू दूर’ हा सल्ला गोल्फमध्ये वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे. लांब शाफ्टने क्लबहेडचा, म्हणजे क्लबच्या टोकाच्या जड भागाचा, वेग वाढू शकतो. पण चेंडू फेसच्या (क्लबहेडच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या) मध्यावर घेणं अवघड होतं, आणि मध्य चुकला की तो वाढीव वेग वाया जातो. नियमांतली क्लबच्या लांबीची 48 इंच ही कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. कित्येक व्यावसायिक खेळाडू 45 इंचांच्या आसपासच राहतात.

स्वतः तपासा. फेसवर पायाला लावायच्या पावडरचा स्प्रे मारा. काही चेंडू नेहमीच्या पकडीने मारा, मग तेवढेच ग्रिप (मूठ) इंचभर खाली धरून. पावडरवरचे चेंडूचे ठसे मध्याकडे सरकले आणि अंतर घटलं नाही, तर आखूड शाफ्ट तुमच्यासाठी योग्य. मात्र घरी कापू नका. इंचभर कमी केल्यावर क्लबहेड हलकं भासतं, वजन पुन्हा जुळवावं लागतं.